आत्याचा तास

३ नोव्हेंबर, सोमवार

आत्यानं आज पहिल्याच तासाला सगळे बाक भिंतीला लावायला लावले! शिपाई माझ्याकडे बघतोय, मी छताकडे. "समोरासमोर बसतात ते भांडायला," ती म्हणाली. "शिकवायचं तर शेजारी बसावं." झालं — भावी शिक्षक सतरंजीवर, आत्या मधोमध, हातात दोरीचे पेड.

ही पोरं आमच्याच लोकांमधली. ह्या अध्यापक विद्यालयातून शिकून परत जातील, लहान मुलांना आमच्या बोलीत शिकवतील. शिक्षणशास्त्र मी शिकवते. पण बोली? माझ्याकडे आहे ती तोंडी लावण्यापुरती. खरा साठा आत्याकडे. ती आठवड्यातून दोनदा यावी म्हणून मी प्राचार्यबाईंच्या किती हातापाया पडले ते माझं मला माहीत.

दोरी वळता वळता आकडे शिकवायचे होते. चष्मेवालीनं — वर्गातली सगळ्यात हुशार पोर — तीन पेड उचलले आणि शेजारच्याला विचारलं, "हे किती?" आत्यानं पेड काढूनच घेतले. "तुला दिसतायत ना? मग त्याला कशाला विचारतेस? चेष्टा करतेस त्याची?"

आमच्यात हे असंच. ज्याला माहीत नाही त्यानं विचारावं. माहीत असून विचारणं म्हणजे समोरच्याची टर उडवणं. आणि माझं अख्खं शिक्षणशास्त्र त्यावरच उभं! हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग नुसतंच पाणी राहिलं. म्हणून तर आमची पोरं पहिलीत तोंड उघडत नाहीत, आणि गुरुजी 'मंद' म्हणून मोकळे होतात. मलाही म्हणाले होते. तेव्हा आई नव्हती. शाळेत जाऊन भांडली ती आत्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सोमवारी दोरी वळताना सांगितलेलीच गोष्ट आत्यानं पुन्हा सांगितली. शब्दन् शब्द तीच. चष्मेवाली माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आपल्यात असंच मुरवतात. टाचणात ऐटीत लिहिलं — 'पुनरावृत्ती'.

८ नोव्हेंबर, शनिवार

आत्या दूध गॅसवर ठेवून पायरीवर जाऊन बसली. पातेलं कामातून गेलं. माझंही लक्ष नव्हतंच म्हणा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या कार्यालयाचा नवा नियम. वयस्कर माणसाला वर्गावर ठेवायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा. प्राचार्यबाई म्हणाल्या, "नुसती औपचारिकता हो. उद्या उरकून टाका."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उरकलं!

डॉक्टर तरुण, बोलायला गोड. पेन वर धरलं. "आजी, हे काय आहे?" आत्यानं पेनाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. गप्प. "आज कोणता वार?" त्याच्याच पाठीमागे कॅलेंडर. गप्प. मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि ह्या तुमच्या कोण?" आत्यानं शाल सावरली आणि तोंड खिडकीकडे केलं. तो लिहीत गेला.

मी समजावलं. डॉक्टर, तुम्हाला माहीत आहे तेच तुम्ही विचारताय, तिला तो अपमान वाटतो. तो मान हलवत म्हणाला, "ताई, घरच्यांना असंच वाटत असतं. स्वीकारायला वेळ लागतो."

बसमध्ये आत्या म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, त्याला पेन ठाऊक नाही होय?" मी इतकी हसले की लोक वळून बघायला लागले. घरी येऊन मात्र भांडी घासताना रडले. चाळीस मुलांच्या वर्गात मला जे झालं होतं तेच आज तिला झालं. आणि ह्या वेळी भांडायला मी होते, तरी काही उपयोग झाला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी दाखला नाकारला. आत्याचा तास बंद. तिच्या जागी तक्ते लावणार म्हणे. रंगीत.

"तुमच्या भावना मला कळतात," प्राचार्यबाई. कळतात तर मग! मी म्हटलं, मॅडम, तक्त्याला बोली येत नाही. हिच्यानंतर हे सगळं येणारं माणूस नाही. ही पोरं काय घेऊन परत जाणार? त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी मत बदललं तर बघू.

आत्या सकाळी तयार होऊन दाराशी बसली होती. "आज सुट्टी आहे," मी म्हटलं. ती तशीच दुपारपर्यंत बसून होती. जीव नुसता तुटत होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दवाखान्यात जाऊन ठाण मांडलं. डॉक्टर कंटाळून हो म्हणाला. गुरुवारी वर्गावर येईल. काही विचारणार नाही, नुसता शेजारी बसेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आला. बूट काढून सतरंजीवर बसला. आत्यानं न बोलता त्याच्या हातात पेड दिले. त्याची दोरी सुटत गेली, तिची वळत गेली. "आईनं काहीच शिकवलेलं दिसत नाही तुला," ती म्हणाली. पोरं खो खो हसली, तोही हसला. तासभर तिनं त्याला आमच्या बोलीत आकडे शिकवले. एकदाही चुकली नाही!

बाहेर आल्यावर म्हणाला, "मी घाई केली, ताई. घरी कशा असतात?"

"ठणठणीत," मी म्हटलं.

पातेलं आठवलं होतं. नाही सांगितलं. एका पातेल्यावरून का माणूस ठरतो?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दाखला मिळाला. आत्याचा तास परत! प्राचार्यबाईंनी स्वतः फोन केला. आज मी जेवले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग छान झाला. पुन्हा तीच गोष्ट. मध्येच आत्या थांबली, हातही थांबले. चष्मेवालीनं हळूच पुढचं वाक्य म्हटलं, तसं आत्यानं तिथून उचललं. तीनदा झालं असं. पोरं तयार झाली की! तास सुटल्यावर चष्मेवाली दाराशी घुटमळली. "मॅडम, आजींना..." एवढंच म्हणाली. मी तिला शाबासकी देऊन वाटेला लावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी चहा दिला. आत्या सरकून माझ्याशेजारी बसली, बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग आमच्या बोलीत, परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाली, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

ती चेष्टा करत नव्हती. तिनं जन्मात कोणाची तशी चेष्टा केली नाही.

मी बाबांचं नाव सांगितलं.

"तो तर माझा भाऊ," ती म्हणाली. "त्याला मुलगी झाली, आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही."