पल्टणचं शेत आणि लाल फडक्यातली तलवार

आमखेडे (फैजपूरजवळ),
पितरांचा पंधरवडा, रविवार

तीर्थरूप सुंदरअक्का हिच्या पायांवर धाकट्या भावाचं डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी फोनवर तू ‘बरे आहेत’ म्हणालीस, पण इतक्या मोठ्यानं म्हणालीस की मला शंका आली. चि. ज्ञानेश्वर, सूनबाई मेघा आणि नातवंडं खुशाल असतील. शिरपूरकडे कापसाला पाऊस पुरला का? इकडे केळीवर करपा आहे आणि माझ्या छातीत धडधड आहे (डॉक्टर म्हणतो गॅस आहे, पण गॅसनं गेलेली माणसंही असतीलच की). बाकी ठीक. फोन सोडून पत्र का लिहितो, असं तू म्हणशील. तर तुझ्या फोनवर मी बोललेलं तुझ्या शेजारच्या दोन घरांना ऐकू जातं, आणि हे प्रकरण घरातच राहावं अशी माझी इच्छा आहे. हे पत्र चष्मा लावून तूच वाच. मेघाकडून वाचून घेऊ नकोस. कारण शेवटी कळेल.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरपंचांनी जाहीर केलं की गावाच्या वेशीत सिमेंटची कमान होणार, दसऱ्याला तिचं उद्घाटन, आणि तिला गावातल्या एखाद्या पराक्रमी पूर्वजाचं नाव द्यायचं. मी मागे, खांबाला टेकून, झेंडावंदनाची जिलेबी खात बसलो होतो. माझ्यासारख्या सातवी नापास माणसानं जिलेबी संपवून घरी जायला हवं होतं. पण मी उभा राहिलो. का राहिलो ते मला अजून कळलेलं नाही. पाय आपोआप उठले, तोंडही आपोआप उघडलं आणि म्हणालं की आमचे पणजोबा उखर्डू झांबरे इंग्रजांच्या पल्टणीत सुभेदार होते, पराक्रमाबद्दल त्यांना नदीकाठचं शेत इनाम मिळालं, म्हणून त्याला अजून पल्टणचं शेत म्हणतात, आणि त्यांची तलवार आमच्या देवघरात आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांची सवय नसल्यामुळे मी आणखी एक वाक्य बोललो: “पाठीवर वार घेतला नाही कधी.” (हे कुठून आलं देव जाणे.) तेवढ्यात गिरधर उठला. हा आपल्या शेजारच्या बांधाचा गिरधर, माझ्याबरोबर शाळेत होता, आणि ‘उखर्डू उखर्डू, उकिरड्यावरचं कारटं’ हे मला चिडवायचं गाणं त्याचंच. तो म्हणाला, “नाना, चांगली गोष्ट हाये भो. पण कागद आन. सरकारी कागद. नाहीतर उद्या मीबी म्हनीन माझा आजा लाटसाहेब होता.” सगळे हसले. सरपंचांनी मला दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत मुदत दिली.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. कमान माझ्या बापाची नव्हे, हे मलाही कळतं. पण नावाचं काय ते तुला माहीत आहे. माझ्याआधी दोन भावंडं गेली, म्हणून मला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि यमाला किळस यावी असं नाव ठेवलं. यमाला आली असेल. वर्गातल्या पोरांना मात्र गंमत वाटली. जन्मभर मी बँकेत, सोसायटीत, मुलाच्या लग्नपत्रिकेतसुद्धा ‘यू. टी. झांबरे’ असं लिहिलं. एकच आधार होता, की हे नाव आपल्या घरात एका सुभेदाराचं होतं. गिरधरनं त्याच आधाराला हात घातला.

आधी तालुक्याला गेलो. जुन्या दप्तरातला उतारा काढला. पल्टणचं शेत इनाम वगैरे काही नाही, अक्का. पणजोबा दरवर्षी रयतेसारखा पूर्ण सारा भरत होते. फक्त एका वर्षासमोर लिहिलं होतं: ‘सारा माफ’. माफी पाहून मी तिथल्या बाकावर बसूनच घेतलं. माफी कुणाला देतात? शूराला! मी कारकुनाला चहा पाजला. तो म्हणाला, माफी का दिली ते यात नाही, आणि दुष्काळ पडला तरी माफी देतात. मी ते कानाआड केलं.

मग जळगाव. माजी सैनिकांचं काम बघणारी कचेरी असते असं कुणी सांगितलं, म्हणून पुरावा हवाच तर तलवारच घेऊन जाऊ असं ठरवलं. तुला माहीत आहे, ती तलवार आपण कधी उघडून पाहिलेली नाही. लाल फडक्यात गुंडाळलेली, दर दसऱ्याला वरून आणखी एक नवं फडकं, वर हळदकुंकू, झेंडूचा हार. उघडली तर वंशाला बाधा, असं बाबा म्हणत. शंभर-सव्वाशे फडक्यांमुळे ती आता लहानशा गादीएवढी झाली आहे. मी ती काखेत घेऊन यस्टीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, “आजोबा, काय हाये त्याच्यात?” मी हळूच म्हणालो, तलवार. तो मोठ्यानं म्हणाला, “तुमचं वय पंच्याहत्तरच्या वर, तुम्ही फुकट. पण तलवारीचं तिकीट काढा लागीन!” भालोदपासून जळगावपर्यंत गाडी माझ्याकडे बघत होती. एका बाईनं तर बसल्याजागी हात जोडले. मीही मान जरा ताठ केली (मानेत लचक भरली ती अजून आहे).

कचेरीतला माणूस चांगला होता. त्यानं विचारलं, पल्टणीचं नाव? मी म्हणालो, इंग्रजांची. नंबर? तो काही घरात सांगत नसत. लढाई कुठली? मी म्हणालो, मोठी. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “आजोबा, तलवारीवर छाप असतो, दाखवा.” मी घाबरलो. वंशाला बाधा. पण मग विचार केला की वंश पुण्याला नोकरीला आहे, तिथपर्यंत बाधा पोचायला वेळ लागेल. कुलदेवीचं नाव घेऊन सोडायला लागलो. फडकी निघत गेली, टेबलावर मावेनात, खुर्चीवर ठेवली. तीन कारकून गोळा झाले. आणि शेवटचं फडकं सुटलं तेव्हा आत हातभर लोखंडी मेख निघाली, डोक्याला कडं असलेली. तंबू ठोकायची मेख. कुणाला विचारायची गरज नव्हती. आपल्या गोठ्यात म्हैस बांधायला आपण तसलीच ठोकतो. मी एकएक करून सगळी फडकी परत गुंडाळली. त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात मी चार वेळा मेलो.

घरी येऊन कमलला सांगितलं. तुझी भावजय देवघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “म्हंजे लगीन झाल्यापासून मी मेख ओवाळू राह्यली?” मी म्हणालो, हो. ती म्हणाली, “मंग आता ती गोठ्यात तरी ठोका. पाडी रोज सुटते.” मी ठोकली नाही. पण मला हे सांगताना वाईट वाटतं की ठोकावी असं मलाही क्षणभर वाटलं.

शहाण्या माणसानं इथं थांबायचं. पण मेख का होईना, पल्टणीचीच होती ना? आणि ती ‘सारा माफ’ची नोंद डोक्यातून जाईना. त्या काळी जळगाव जिल्हाच नव्हता, सगळ्या खानदेशाची कचेरी धुळ्याला. म्हणून धुळ्याला गेलो. स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं, “बाबा, कोठे जानं शे?” मी म्हणालो, जिथं इंग्रजांचे कागद असतील तिथं. तो म्हणाला, “त्या तं बठ्ठा उंदीरस्नी खायी टाकात व्हतीन!” तरी त्यानं नेलं. तिथं हेमांगी नावाची एक कॉलेजात शिकवणारी मुलगी मोडी वाचायला येते. तिच्यासाठी मी केळीचा फणा नेला होता. सुभेदार झांबरे तिला कुठे सापडेना. उखर्डू मात्र ढिगानं सापडले. त्या काळात जे पोर जगावं असं वाटे ते उकिरड्यावरच लोळवत असावेत. ती म्हणाली, “आजोबा, तुमचे उखर्डू यातले कुठले?” मी म्हणालो, वल्द गोंदू, मौजे आमखेडे. एवढं मला येतं.

मग ‘सारा माफ’च्या वर्षाचा गठ्ठा काढला, आणि त्यात पणजोबा होते. सैनिकांत नव्हते, अक्का. तक्रारदारांत होते. महूच्या छावणीकडून उतरलेल्या पल्टणीनं नदीकाठी आपल्या शेतात तळ दिला, आणि तिच्या खेचरांनी उभी ज्वारी खाऊन टाकली. पणजोबांनी आधी हात जोडले. कुणी ऐकेना, तेव्हा तळ हलवायच्या गडबडीत त्यांनी एक मेख आणि पल्टणीचं तांब्याचं मोठं पातेलं उचललं आणि भरपाई मिळेपर्यंत देत नाही म्हणून सांगितलं. शिपायांनी मारलं, ते लिहिलेलं आहे. त्यानंतर ते पायी धुळ्याला आले आणि साहेबाच्या कचेरीसमोर बसून राहिले. साहेबानं शेवटी एका वर्षाचा सारा माफ केला आणि शेरा मारला की रयतेनं सरकारी वस्तू ताबडतोब परत कराव्यात. त्याखाली दुसऱ्या शाईत: वारंवार ताकीद देऊनही वस्तू परत केल्या नाहीत.

हेमांगी हसत होती. मी हसलो नाही. म्हणजे सरकारी माल एवढी वर्षं आपल्या देवघरात! मी तिला विचारलं की आता हे जप्त होईल का, आणि होणार असेल तर इंग्रजाकडे जाईल की आपल्याकडे. ती म्हणाली, काही होत नाही. पण ती अजून लहान आहे. तिनं त्या कागदाची शिक्का मारलेली नक्कल मिळवून दिली ती मी बनियनच्या खिशात ठेवली, आणि येताना गाडीत खाकी कपड्यातला एक माणूस शेजारी बसला तेव्हा उठून मागच्या सीटवर गेलो (तो सिक्युरिटीवाला होता).

गावात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण गिरधर पारावर भेटला आणि म्हणाला, “काय सुभेदार, कागद भेटला का?” आणि मला राग आला. सगळं सांगून टाकलं. ज्वारी, खेचरं, मार, मेख. म्हटलं, घे हसून एकदाचं. गिरधर हसलाच नाही. विडी विझली तरी हातात धरून बसला. मग म्हणाला, “म्हंजे इंग्रजाच्या पल्टणीकडून नुकसानभरपाई काढली? एकट्यानं?” मी म्हणालो, हो. तो म्हणाला, “नाना, मी मागल्या वादळापासून केळीच्या विम्याले चकरा मारू राह्यलो. फोटो दे, पुन्हा फोटो दे. अन् तुह्या पणजानं पातेलं उचललं! तुह्या सुभेदाराले काय करतू? गावात एक असा मानूस पाह्यजे होता!” अक्का, गिरधरच्या तोंडून आपल्या घराचं चांगलं मी प्रथमच ऐकलं. पण लगेच म्हणाला, “मेख कोणाच्याबी गोठ्यात सापडते. पातेलं दाखव.”

तर असं आहे. तब्येतीला जप. मीही जपतो आहे, पण माझं जपणं म्हणजे काळजी करणंच असतं.

तुझा धाकटा भाऊ,
उखर्डू तोताराम झांबरे
(पूर्ण नाव लिहिलं आहे, बघ.)

ता. क. – तुझ्या लग्नात आईनं आंदणात तांब्याचं मोठं पातेलं दिलं होतं, तुम्ही त्यात आंघोळीचं पाणी तापवता. त्याच्या बुडाला बाहेरून बाणासारखी एक खूण आहे, लहानपणी मी तिच्यावर बोट फिरवायचो. हेमांगी म्हणते तो सरकारी मालाचा छाप. बहिणीला दिलेलं आंदण भाऊ परत मागत नाही, एवढी अक्कल मला आहे, आणि मागतो असं मेघानं समजू नये म्हणून हे पत्र तूच वाचायचं. मी मागत नाही. तू ते घेऊन ये. दोन तारखेला तूच ग्रामसभेत पुढे बस आणि तूच दाखव. ज्ञानेश्वर गाडीनं सोडेल. पाणी तापवायला तोपर्यंत मी नवा गीझर पाठवतो.

ता. क. दुसरं – सुभेदाराची गोष्ट बाबांनी सांगितली असं मी लोकांना सांगत आलो. धुळ्याहून येताना गाडीत नीट आठवून पाहिलं. बाबांनी कधीच सांगितली नव्हती. मी पहिलीत असताना शाळेतून रडत आलो होतो, गिरधरच्या गाण्यामुळे. तू भाकरी थापत होतीस. हात न धुता माझं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, गप, उखर्डू म्हणजे सुभेदाराचं नाव आहे, त्याचीच तलवार आहे आपल्या देवघरात. माझ्या गालाला पीठ लागलं होतं. ग्रामसभेत मी हे सांगणार नाही. पण नाव ठरलंच तर कमानीवर काय लिहायचं ते सरपंचांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की पुढे काही लावू नका, नुसतं ‘उखर्डू’ लिहा.

ता. क. तिसरं – पातेलं मोडीत घातलं असेल तर तसं कळवू नकोस. तरी ये. आणि असेल तर, अक्का, तुझ्या पाया पडतो, पाहुण्यात न्यायचं म्हणून चिंच लावून घासू नकोस. छाप जाईल.