बोईच्या पिल्लांचा उपास

आव्वा,

त्या बोई माशाच्या पिल्लांवरून मी तुला जे बोलले ते तू पुढे मनात ठेवलंस की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात आहे. आणि त्या पिल्लांबद्दलची एक गोष्ट मी तुला कधी सांगितलीच नाही, ती आता लिहिते. तू वाचणार नाहीस म्हणूनच हा धीर आलाय, हेही खरं.

मी माशांवर पीएचडी करणार म्हटल्यावर आप्पांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. ज्या जैन घरात संध्याकाळी दिवा लागायच्या आत जेवणं उरकतात, पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, त्या घरातली तुमची दोघांची पोरगी मासे हाताळणार. तू मात्र एकच विचारलंस, "मारायला लागत्यात काय?" मी म्हटलं, नाही, पिल्लू किती श्वास घेतं तेवढंच मोजायचंय. समुद्रातल्या माशाचं पिल्लू वजनाच्या मानानं मोठ्या माशापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू घेतं. त्यातली किती ऊर्जा नुसतं जिवंत राहण्यात जाते आणि किती वाढण्यात, हा माझा विषय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग कर की." आप्पांची समजूतही तूच घातलीस.

ते गणपतीच्या सुट्टीचे दिवस. रत्नागिरीकडच्या खाडीतून बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी पिल्लं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून मी एसटीनं आणली होती, शिवाय खारं पाणी कॅनमध्ये. कॉलेज बंद, वॉचमन किल्ली द्यायला तयार नाही. शेवटी दोन टब रिक्षात घालून घरी आणले आणि परसात मोरीशेजारी मांडले. धुण्याच्या दगडावर माझं ब्युरेट, द्रावण मोजायची काचेची नळी, उभं राहिलं. हवेच्या पंपाची घरघर आप्पांना आवडली नाही, पण ते दुकानात निघून जात. एकेक पिल्लू बंद बाटलीत तासभर ठेवायचं, मग पाण्यातला प्राणवायू किती कमी झाला ते काढायचं, असं काम. त्याआधी पिल्लाला पूर्ण एक दिवस उपाशी ठेवावं लागतं, कारण खाल्लेलं पचवायलाही ऊर्जा लागते, श्वास वाढतो, आणि मग नुसत्या जगण्याचा हिशोब लागत नाही. हे मी तुला समजावून सांगितलं तेव्हा तू कणीक मळत होतीस.

"एक दिस आणि एक रात काय बी घालायचं न्हाई?"

"नाही."

"एवढाल्या जिवास्नी?"

मी हसले. मला वाटलं विषय संपला. तुझं दशलक्षण पर्व सुरू होतं, दहा दिवस एकदाच जेवायचं, दुपारी बाराला. घड्याळ चुकेल पण तू चुकायची नाहीस.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझे आकडे वेडेवाकडे यायला लागले. सकाळी ठीक, दुपारनंतर चढलेले. मी आधी रसायनांना दोष दिला, द्रावण नव्यानं केलं. मग पाण्याला दिला. पाचव्या दिवशी हवेच्या नळीखाली चिकटलेला कणकेचा कण दिसला. तू पानावर बसण्याआधी रोज परसात का जातेस, ते मला तेव्हा कळलं. लहानपणी कळंब्याच्या तळ्यावर नेऊन तू माझ्या हातानं माशांना कणकेच्या गोळ्या घालायला लावायचीस, तरी ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस, हे म्हटलं. माझं वर्ष वाया घालवलंस, हेही म्हटलं. ते रागाच्या भरात आलं असलं तरी खोटं नव्हतं. एवढी लहान पिल्लं पुन्हा पुढच्या पावसाळ्यातच मिळणार होती, आणि शिष्यवृत्ती तोवर संपणार होती. तू पदराला हात पुसत उभी होतीस.

"तिळाएवढी घातली. एकेकाला एकच, माझ्या जेवणातली," म्हणालीस. आणि मग, "मी उपास धरतो ते माझ्या मनानं. ह्यांनी कवा धरला? बारक्या लेकरास्नी आपण उपास करू देतो काय?"

त्यानंतर तू टबाजवळ फिरकली नाहीस. परसातल्या दोरीवर धुणं घालायचं तेही मलाच सांगायचीस.

कॉलेज उघडल्यावर मी वही घेऊन माझ्या गाईड सरांकडे गेले, सगळं बिघडलं हे सांगायला. मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली होती. सकाळचे, दुपारचे, दुसऱ्या सकाळचे. खाणं कधी दिलं, किती दिलं, विचारलं. मी सांगितलं, रोज बाराला, तिळाएवढी कणीक. त्यांनी चष्मा काढला. पिल्लू खाल्लेलं पचवण्यात किती ऊर्जा घालवतं आणि ते किती तासांत खाली येतं, हे तुझ्या वेळेच्या शिस्तीमुळे त्या वहीत लख्ख दिसत होतं. इतक्या लहान पिल्लाला दिवसभराचा उपास जड जातो, ते स्वतःचंच अंग जाळायला लागतं, हेही पुढे त्यातूनच निघालं. म्हणजे तू परसात म्हणालीस तेच. "हे मुद्दाम केलंस?" सरांनी विचारलं. मी म्हटलं, "हो सर."

दोन शब्द. त्यांवर माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं आहे.

आणि त्यानंतर चारच दिवसांनी क्षमावणी आली. तू सकाळी मंदिरात जाऊन आलीस, शेजारणींची, आप्पांची क्षमा मागितलीस, मग माझ्यासमोर येऊन हात जोडलेस. आई लेकीसमोर. "तुझं काम माझ्या हातनं नासलं. क्षमा कर गं बाई." मला तेव्हा सगळं माहीत होतं आव्वा. नासलं नाही, उलट साधलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग सरांनाही खरं सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "असू दे, झालं गेलं." तुला क्षमा केली मी. आजही ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पुढे दहा वर्षं तू होतीस. कुणी माझ्या पदवीचं कौतुक केलं की म्हणायचीस, "माझ्यामुळं तिला लई त्रास झाला मधी." मी तिथेच बसलेली असायचे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सर आहेत, प्रयोगशाळेतले मामा आहेत, खाडीवरचा कोळी आहे. तुझ्या वाट्याला 'आईवडिलांचे आशीर्वाद', तेही आप्पांबरोबर निम्मे. हा कागद त्याच पानात ठेवणार आहे. ते पुस्तक आता माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

आता मी कॉलेजात शिकवते, आणि खाल्लेलं पचवायच्या ऊर्जेचा धडा आला की दरवर्षी वर्गात कणकेची गोष्ट सांगते. मुलं हसतात, पण धडा त्यांच्या लक्षात राहतो. सांगताना मी 'आमच्या ओळखीच्या एक बाई' म्हणते. परवा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या बाईंना नंतर सांगितलं की न्हाई तुम्ही?"

मी म्हटलं, "सांगितलं की."