कर्त्याखाली एक रेघ

सक्करदरा, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

चि. भावना हिस पुष्पलतावहिनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन सोडून वहिनी पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. आपलं घर दोन खोल्यांचं. मी फोनवर हळू बोलले आणि त्यात त्यांचं नाव ऐकू आलं, की तुझ्या दादांना वाटतं आपल्याबद्दलच कुजबुज चालली आहे. मग ते जेवत नाहीत.

लकव्याचा झटका येऊन गेल्यावर त्यांचं बोलणं गेलं होतं, ते तू पाहिलंसच. आता बोलणं आलं आहे, पण सगळं इंग्रजी! मी मराठीत काही म्हटलं तर नुसते तोंडाकडे पाहत राहतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं कधीकधी होतं, रोज घोटलेली भाषा आधी परत येते. जन्मभर शाळेत पोरांकडून नाउन कुठला आणि व्हर्ब कुठला हेच घोटून घेतलं, तेच आलं. कुकर दाखवून नाउन म्हणतात, शिट्टी झाली की व्हर्ब. मी खुणा करून काही सांगू लागले की व्हेअर इज द व्हर्ब म्हणून रागावतात. मला काय ठाऊक बाई कुठे गेला तो!

अपूर्व दसऱ्याला येऊन बाबांना बंगळूरला नेणार म्हणतो. त्याच्या घरी सून, नात, सगळ्या इंग्रजीच बोलतात. तूही ये म्हणाला, आणि जागा लहान आहे हेही लगेच म्हणाला. पोरगा वाईट नाही, बापाचंच भलं पाहतो आहे. पण आई, तुझ्याशी त्यांना बोलताच येत नाही, असं म्हणाला ते मला फार लागलं. एवढा संसार झाल्यावर नवऱ्याशी बोलायला मला दुभाषा लागावा का गं?

तू शाळेत हेच शिकवतेस. मला शिकव, दसऱ्याच्या आत. दहावीला मी इंग्रजीतच गचकले होते, ते तुला माहीत आहे. हसू नको.

मुलांना आशीर्वाद. वहिनीवर माया असू दे.
तुझी, पुष्पलतावहिनी

खापरखेडा
११ ऑगस्ट

ती. वहिनीस भावनाचा सविनय जयभीम, वि. वि.

हसले नाही. म्हणजे थोडीच हसले. दादा माझ्याशी फोनवर इंग्रजीत भरभरून बोलतो तेव्हा मला आनंद होतो, आणि लगेच तुझा चेहरा डोळ्यांपुढे येतो. तेव्हा शिकूया.

शब्दांच्या जाती आठ आहेत, पण तुला सगळ्यांची पंगत मांडायची गरज नाही. तीनच प्रश्न विचारायचे. कोण? काय करतो? कशाला किंवा कोणाला? पहिला सब्जेक्ट, दुसरा व्हर्ब, तिसरा ऑब्जेक्ट. मराठीत क्रियापद सगळ्यांच्या मागून येऊन बसतं. इंग्रजीत मात्र ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं. तू ते शेवटी शोधतेस, म्हणून सापडत नाही. कर्त्याखाली एक रेघ मारायची, क्रियापदाखाली दोन. हे मला दादानेच शिकवलं. चुकलं की टेबलावर पट्टी आपटायचा, अजून दचकायला होतं.

सोबत सोपे शब्द लिहिले आहेत. त्यांचा उच्चारही मराठीत दिला आहे. तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरचा तुझा जीव तसाच राहू दे.
तुझी, भावना

सक्करदरा
१ सप्टेंबर

चि. भावनास जयभीम, वि. वि.

पाठ केला, आणि सकाळी त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाले, सब्जेक्ट यू, व्हर्ब ड्रिंक, ऑब्जेक्ट टी. ते हसले गं! झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. हसताना तोंड अजून एका बाजूला जातं, तरी हसले. मग माझ्या शिवणाच्या डब्यातला खडू घेऊन त्यांनी स्वयंपाकाच्या काळ्या ओट्यावर यू ड्रिंक टी असं लिहिलं आणि खाली रेघा मारल्या. तेव्हापासून पोळ्या झाल्या की ओटा पुसायचा आणि शाळा भरवायची. मला हात बांधून उभं करतात. बरोबर आलं तर गुड, चुकलं तर सिट डाउन. आता ओट्यापुढे मी बसू कुठे?

पण परवा ते काहीतरी लांबलचक विचारत होते. पुन्हा पुन्हा विचारत होते. मला एक शब्द उमगला नाही, म्हणून मी येस म्हणून टाकलं. ते नो, नो म्हणाले, खडू फेकला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी पांघरूण घालायला गेले, तर डोळ्यांत पाणी होतं. भावना, मी त्यांना धरून ठेवते आहे, ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? तिकडे निदान कोणाला कळेल तरी ते काय म्हणतात. अपूर्वला घेऊन जा म्हणून सांगते आता. पुढचा पाठ पाठवू नको.

रागावू नको, लोभ ठेव.
पुष्पलतावहिनी

खापरखेडा
६ सप्टेंबर

ती. वहिनीस सविनय जयभीम, वि. वि.

पाठ पाठवत नाही, पण रागावले आहे. अपूर्वकडे सगळ्यांना इंग्रजी कळेल, खरं आहे. पण दादाने अर्धी पोळी ताटात ठेवली म्हणजे त्याचं काय बिनसलं, ते तिथे कोणाला कळणार? त्याला न्यायचं की नाही हे त्यालाही विचारलं पाहिजे, आणि विचारणारी तूच आहेस.

आता उलट कर. तो विचारतो आणि तू उत्तर देतेस, त्यापेक्षा वाक्य तू दे आणि भाग त्याला ओळखू दे. पुस्तकातला आंबा खाणारा राम नको, तो दादाने जन्मभर फळ्यावर बसवून ठेवला. तुमच्या दोघांचं काहीतरी लिही. अडलं तर मराठीत लिहून धाड, मी इंग्रजी करून उलट टपाली पाठवते. चुका झाल्या तर होऊ दे, तो दुरुस्त करील. त्याला ते फार आवडतं, हे तुला मी सांगायला नको.

एवढं माझं ऐक, आणि नेहमीसारखी माझी राहा.
भावना

सक्करदरा
१५ ऑक्टोबर

चि. भावनास अनेक आशीर्वाद आणि जयभीम, वि. वि.

तुझं ऐकलं. पहिलं वाक्य लिहिलं ते असं, रविंद्र बॉट अ ग्रीन सारी. दुसरं, पुष्पा डिड नॉट लाइक इट. त्यांनी रेघा मारल्या, आणि मग खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं, बट शी वोअर इट. खरंच नेसले होते गं, अपूर्वच्या नामकरणाला! मी ओट्याशी उभी राहून हसत सुटले. पुढे रोज असंच चाललं. माझं एक वाक्य, त्यावर त्यांचं एक. भाजी करपायची कधीकधी.

दसऱ्याला अपूर्व आला, तो स्वतःचं आणि बाबांचं तिकीट काढूनच. त्याला मी नाही म्हणाले नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्यांना विचारायचं ठरवलं. पण प्रश्न कसा करतात ते तू शिकवलंच नव्हतंस, म्हणून साधं वाक्य लिहिलं, रविंद्र विल गो विथ अपूर्व. खडू त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाक्य वाचलं. आता रविंद्रखाली रेघ मारतील म्हणून मी थांबले. त्यांनी तळहाताने सगळं वाक्य पुसून टाकलं आणि म्हणाले, मी काई कुठी जात नाई, तू चाय मांड वं.

मराठीत, भावना! आणि तीही शाळेतली नाही, तुझ्या आईची. ही बोली त्यांनी माझ्यासमोर कधी काढली नव्हती. उलट माझ्या तोंडून मले-तुले निघालं की दुरुस्त करायचे. अपूर्व दारात बॅग घेऊन उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याने बॅग खाली ठेवली, बाबांचं तिकीट रद्द केलं आणि कप घ्यायला आत आला. मला रडू आवरेना, चहात साखर टाकायची राहिली. तरी दोघेही गुपचूप प्यायले.

कालपासून पुन्हा इंग्रजीच सुरू आहे. मराठी येईल किंवा येणारही नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला आता घाई नाही. प्रश्न कसा विचारतात तेवढं मात्र लवकर लिहून पाठव. मला त्यांना बरंच काही विचारायचं आहे.

आहे ती माया वाढू दे.
तुझी, पुष्पलतावहिनी