फोनातलं गाऱ्हाणं

३ नोव्हेंबर
डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, सासऱ्यांनी गोळी घेतली की नाही ते रोज लिहून ठेवा. नुसतं 'गो. घेतली', 'गो. नाही' यात कसली मजा? मी म्हटलं, सुषमा, मी सांगते, तू लिही. मी मालवणीत सांगणार, ती शाळेतल्या मराठीत उतरवणार. बोलणं मात्र ज्याच्या त्याच्या तोंडचं ठेव म्हटलं. मला एक अक्षर येत नाही, तेव्हा ती काय लिहिते ते देवाला ठाऊक. (खरं तेच लिहिते, आई. — सु.)
अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा हात सुधारला. जीभ अजून जड. जत्रेत गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालणारा माणूस, आणि 'पाणी' म्हणताना दोनदा थांबतो. जत्रा महिन्यावर आली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाच्या गोळ्या चुकल्या आणि दुसरा झटका आला तर बोलणं परत येईल याची खात्री नाही. हे ऐकून ह्यांनी विचारलं काय, तर "ज... जत्रेक गाऱ्हाणा कोण घालतलो?"
गो. नाही. विसरले.

५ नोव्हेंबर
मुलाने गोव्याहून ह्यांच्यासाठी फोन पाठवला! सुषमाने त्यात सकाळ-संध्याकाळची घंटी लावली. वाजली की दोन चौकोन येतात. हिरवा दाबला म्हणजे घेतली. वाचता येत नसलं तरी हिरवं मला कळतं. संध्याकाळी वाजली तेव्हा मीच उडाले. ह्यांनी हिरवं दाबलं. शेजारच्या काशीला बोलावून फोन दाखवला, जशी काही नवी सून आणली.
गो. घेतली!!

९ नोव्हेंबर
कसली घेतली! सदरा धुवायला भिजवला तर खिशात पांढरा लगदा. चार दिवसांच्या गोळ्या. हिरवं दाबायचं, गोळी खिशात टाकायची.
"ह्या काय?"
"घंटी गप रवाक नको? दाबलंय मगे."
तसं बघितलं तर खोटं नाही. घंटीला कोणी कधी शब्द देतं का?
भांडले नाही. दुपारभर सुपारी कातरत विचार केला. ह्या माणसाला कुणाला 'नाही' म्हणता येत नाही? मला येतं, मुलाला येतं, डॉक्टरांना तर तोंडावर...

१० नोव्हेंबर
सापडलं! सुषमा, मोठ्या अक्षरात लिही.
गाऱ्हाणं! ते कानावर पडलं की ह्यांच्या तोंडून होकाराचं 'व्हय म्हाराजा' निघतंच. दुसऱ्याच्या लग्नात, रस्त्यावरून जाताना, घोरताना सुद्धा. आणि एकदा होकार दिला की माघार नाही, हे ह्यांनीच अख्ख्या गावाला दटावून शिकवलेलं.
सुनेला विचारलं, घंटीच्या जागी माणसाचं बोलणं घालता येतं? म्हणाली, येतं. न्हाणीघरामागे गेलो. पहिल्यांदा मला हसू आलं, दुसऱ्यांदा तिला, तिसऱ्यांदा कोंबडा आरवला. चौथ्यांदा माझं गाऱ्हाणं फोनात भरलं.

११ नोव्हेंबर
सकाळी हे भाकरी मोडत होते. फोनातून मी:
"बा देवा म्हाराजा! ह्या घरात एक म्हातारो आसा. तेची जीभ तुझ्या कामाची आसा, पण ती जड झाली. तेका गोळी गिळूची बुद्धी दी रे म्हाराजाऽ!"
भाकरी हातात तशीच. "व्हय म्हाराजा!" अख्खं, एकदाही न अडता! मग कळलं.
"बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता गो!"
"मगे तुमी घाला. जमता काय?"
असं बघितलं माझ्याकडे, जसं काही डोळ्यांनीच भाजून काढतील. मग गोळीकडे बघितलं. मग वर, देवाच्या दिशेला. टाकली तोंडात.
गो. घेतली. घशाखाली उतरेपर्यंत मी समोर उभी.

१६ नोव्हेंबर
ह्यांनी युक्ती केली. फोन नेऊन गवताच्या उडवीत खुपसला आणि काजूच्या बागेत निघून गेले. काशी आमच्या मळ्यातून चाललेली. गवत बोलायला लागलं. बिचारीने चप्पल काढली, हात जोडले, "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि धावत आली.
"गो, तुमच्या गवतात देव इलो!"
हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. खरं कळल्यावर काशी चिडली नाही. म्हणते, "माका पण एक घालून दी, साखरेच्या गोळयेचा." संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. हे बागेतून येताना वाटेत जो भेटेल तो विचारतोय, "काय, गोळी घेतल्यात? व्हय म्हाराजा?"
गो. घेतली, मुकाट्याने.

२४ नोव्हेंबर
नर्सबाई आल्या. ह्यांचा दाब खाली आलाय! पहिल्यांदाच! जीभही सुटतेय. दिवसातून दोनदा होकार द्यायचा म्हणजे तालीमच. हल्ली आंघोळीला गेले की आतून गाऱ्हाण्याचे तुकडे ऐकू येतात. मध्येच थांबतात. परत पहिल्यापासून.
जाता जाता बाईंनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. भुवया वर. म्हणाल्या, आजी, तुमचाच जास्त आहे. यंत्र बिघडलं असणार. सुषमा, हे लिहू नको. (लिहिलं. — सु.)

३० नोव्हेंबर
देवळाचे मानकरी आले. चहा पिऊन, घसा खाकरून म्हणाले, यंदा कुणा तरण्याला सांगूया का? ह्यांनी कप खाली ठेवला. मग, "मी घालतलंय." दोनच शब्द, पण घट्ट. मानकरी गेले. हे अडखळले तर? सगळ्या गावासमोर?
गो. घेतली. आज फोनाच्या आधीच.

४ डिसेंबर
जत्रा.
हे देवासमोर उभे राहिले. सुरुवात खणखणीत. "बा देवा म्हाराजा..." लोकांचा होकार. पुढे गेले. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, परदेशी गेलेली मुलं झाली. आणि मग शब्द अडकला. ओठ हलतायत, आवाज नाही. मानकरी एकमेकांकडे बघायला लागले. मी बायकांत मागे. काय झालं मला कळलं नाही, बसल्या जागेवरून ओरडले, "व्हय म्हाराजाऽ!"
काशी ओरडली. मग सगळ्या बायका. मग पुरुष. तेवढ्यात ह्यांना श्वास मिळाला. अडकलेला शब्द तिथेच टाकला, पुढचा धरला, आणि गाऱ्हाणं शेवटाला नेलं!
येताना वाटेत म्हणाले, "मधीच होकार देवचो नसता." हसत होते.

६ डिसेंबर
डॉक्टरांनी मलाही गोळी लावली. माका काय झाला? माझी जीभ बघा, कुठे अडते? गोळी पदराच्या गाठीला बांधून ठेवलीय. हे काल रात्री बघत होते. आज सकाळी सुषमाला घेऊन न्हाणीघरामागे...
थांब. कपाटावर फोन वाजतोय.
ह्यांचा आवाज! "बा देवा म्हाराजा! ह्या घरात एक म्हातारी आसा. सगळ्यांका शा... शाणपण शिकयता, आपली गोळी पदराक बांधून ठेवता..."
'शाणपण'ला अडखळले. ते पुसलं नाही, तसंच ठेवलंय.
संपलं. हे दारात उभे, हाताची घडी घालून. सुषमा हसतेय, पेन हलत नाही. पेन चालव गो. लिही: म्हातारीने ओठ घट्ट मिटलेत. एक हात तेवढा पदराच्या गाठीवर आहे. म्हातारीने अजून 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं नाही.