माझ्या वाट्याचं पाणी

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चांगली बातमी हाती आल्यावरच लिहायचं असं ठरवलं होतं. ती काही येईना, म्हणून आहे ती कळवतो. आज सकाळी काटा एकोणनव्वद म्हणाला. परवा सत्त्याऐंशी म्हणाला होता. मधल्या दोन दिवसांत मी उकडलेल्या भाज्या, दोन अंडी आणि हिची बोलणी एवढंच खाल्लंय.

काटा बेकरीतलाच, मैद्याची पोती तोलायचा. पोत्यांना तो कधी फसवत नाही, मलाच का फसवतो कळत नाही. भट्टीपुढे घाम गाळून आलो की किलोभर कमी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गाडी बंद करून हल्ली पाव मी स्वतः सायकलवरून पोचवतो. चढावरच्या आजींना वाटलं धंदा बसला. हळहळून त्यांनी दोन पाव जास्त घेतले.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तुला ठाऊक आहेच. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, फक्त मी पंच्याऐंशीच्या खाली यायला हवा. त्याशिवाय त्या माझी किडनी काढून तुला देणार नाहीत. जाड माणसाला एका किडनीवर सोडणं धोक्याचं असतं म्हणे. पुढची तपासणी महिनाअखेरीस. ताई, माझ्या चार किलोंपायी तू त्या मशीनला टांगलेली आहेस, हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही. तसं घशाखाली काहीच उतरू देत नाहीत, ते सोड.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढव. सध्या तेवढंच वाढायला परवानगी आहे.

तुझा,
गब्दू

दि. १४ जानेवारी

चि. गब्दूस,
अ. उ. आ.

डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा आणि चार तास जागचं हलायचं नाही, तेव्हा पत्र लांबणार. हे म्हणतात, फोन का करत नाहीस. पण फोनवर तू 'मजेत आहे' म्हणून मोकळा होतोस. कागदावर तुला थापा मारणं लहानपणापासून जमत नाही.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. अरे, येताजाता काट्यावर चढायला तू काय पार्सल आहेस? माझा जन्म पोस्टात पार्सलच्या खिडकीवर गेला. लोकांची पार्सलं तोलली, आता एक दिवसाआड मलाच तोलतात. मशीनला लावायच्या आधी एक वजन, सोडवल्यावर अडीच किलो कमी. दोन दिवसांनी पुन्हा तेवढंच. म्हणजे माझ्या अंगावर मांस चढलं का? माझ्या किडन्यांनी काम टाकलंय, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच राहतं आणि मशीन ते काढून घेतं. तेव्हा दोन दिवसांत चढतं-उतरतं ते पाणी, एवढं माझ्याकडून शिक. चरबी आळशी असते. तिला यायलाही वेळ लागतो आणि जायलाही. तुझ्यासारखीच.

मला दिवसाला लिटरभर पाणी, चहा आणि औषधं त्यातच. तोंड फारच कोरडं पडलं की बर्फाचा खडा चघळते. समोरच्या बाई झाडांना पाणी घालतात ना, तेव्हा मी खिडकीत बसून बघते. झाडांचा हेवा वाटतो रे. हे तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, तू काट्याशी भांडू नयेस म्हणून लिहिलंय.

भावजयीला सांग, बोलणी चालू ठेव, त्याने वजन वाढत नाही. मला जीव लावतोस तसाच स्वतःलाही लाव.

तुझी,
ताई

दि. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गड सर झाला! काटा चौऱ्याऐंशीवर आहे. पाच दिवसांत तीन किलो उतरलो. कसं ते विचारू नकोस. युक्ती तुझ्याच पत्रात सापडली, एवढंच सांगतो. हिलाही बोललो नाही. जरा डोकं दुखतं, सायकल चढावर ढकलत न्यावी लागते, पण ते चालायचंच.

सोमवारी तपासणी. तुझ्या त्या मशीनला रामराम ठोकायची तयारी ठेव. घाईत आहे, लोभ धरून बस.

तुझा,
गब्दू

दि. २८ जानेवारी

गब्दू,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र आज सकाळी मिळालं. पाच दिवसांत तीन किलो माणसाचे उतरत नाहीत. ते फक्त माझं मशीन उतरवू शकतं. तू पाणी सोडलंस का?

तेव्हापासून फोन लावते आहे, तू उचलत नाहीस. तपासणी होऊन गेली असणार. काय झालं ते कळव. पण आधी ऊठ, पाणी पी, आणि मग लिहायला बस.

ताई

दि. ३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

फोन वाजत होता तेव्हा मी समोरच बसलो होतो. उचलायचं धैर्य झालं नाही.

होय, पाणी सोडलं होतं. अगदी सोडलं नाही, तुझ्याएवढंच प्यायचो, लिटरभर. भट्टीपुढे उभा राहायचो आणि बर्फाचा खडा चघळायचो. वाटायचं, ताईला जमतं तर मला का जमू नये? शिवाय तुझं कसं होतं तेही कळत होतं. खरं सांगतो, फार वाईट होतं.

वजन बरोबर भरलं. डॉक्टरीणबाई शाबास म्हणाल्या. मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांचा चेहरा पडला. किडनीवर ताण आलेला दिसतो म्हणाल्या. त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, की जी वस्तू बहिणीला द्यायला निघालात तिचीच वाट लावताय. आता महिन्याभराने पुन्हा तपासणार. तेव्हाही रिपोर्ट असाच आला, किंवा वजन जास्त भरलं, तर माझं नाव कायमचं कापणार.

घरी येऊन पोटभर पाणी प्यायलो आणि काटा पुन्हा सत्त्याऐंशीवर गेला. ताई, मी तुझं वाटोळं करून ठेवलं. लोभ मागायला तोंड नाही.

गब्दू

दि. ३ फेब्रुवारी

चि. गब्दूस,
दोन्ही कान पिळून अ. उ. आ.

मूर्ख, महामूर्ख, शंभर नंबरी ठोंब्या. झालं लिहून, आता ऐक.

चूक माझीही आहे. बेकरीवाल्याला काहीही सांगितलं तरी तो त्याची कृती करून बघतो, हे मला कळायला हवं होतं. मी धीर द्यायला लिहिलं, तू भट्टीत घातलंस.

तुझं पत्र मशीनवर असताना वाचलं आणि रडले. नर्सला वाटलं सुई दुखते. अरे, मला पाणी पिता येत नाही म्हणून मी पीत नाही. तुला पिता येतं आणि तू पीत नाहीस, याचा मला इतका राग आला की तू समोर असतास तर दोन लगावल्या असत्या. मला आधी भाऊ हवा आहे, किडनी नंतर. तुला काही झालं तर तुझी किडनी घेऊन मी काय करू, कपाटात ठेवू? या मशीनवर मी राहीन, जमेल तितकं राहीन. तुझ्यावाचून मात्र मला राहता येणार नाही. हे तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून लिहिते.

आता हुकूम. काटा मैद्याला परत दे. रविवारी सकाळी एकदाच चढायचं आणि येईल तो आकडा मला कळवायचा, वाढला तरी. जेवण आणि सायकल आहे तशीच चालू ठेव, आणि माझ्या वाट्याचं पाणी तू पी. ते कसं लागलं ते मला लिही. मला वाचायला आवडेल.

तुझी, रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजचा तुझा पेला भट्टीवरून उतरल्यावर मागच्या दारात उभा राहून प्यायलो. नळाचंच पाणी, पण दात शिवशिवले आणि छातीपर्यंत गार वाटत गेलं. शेवटचा घोट तोंडात तसाच धरून ठेवला होता, तेवढ्यात हिने हाक मारली.

गेल्या चार रविवारांचे आकडे तुला कळवलेच आहेत. मधला एक रविवार आठव, सगळं नेमाने करून अर्धा किलो वाढलो होतो. त्या दिवशी काटा भट्टीत टाकणार होतो. पण तुझं म्हणणं आठवलं, पाणी असेल, जाईल. गेलं.

काल तपासणी झाली. रिपोर्ट चांगला आला. वजन चौऱ्याऐंशी किलो आणि आठशे ग्रॅम. काठावर पास, शाळेत व्हायचो तसाच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पिता? मी म्हटलं, दोन माणसांचं. त्यांनी एकवीस तारीख दिली आहे.

भीती वाटते का, तर वाटते. पण तुला मशीनवर बघून वाटायची त्याहून कमी. भेटूच. तोवर लोभ सांभाळून आण, तिथे लागेल.

तुझा,
गब्दू

दि. २३ मार्च

ताई,

नर्सबाई वरच्या मजल्यावर तुझ्याकडेच निघाल्या आहेत, म्हणून चिठ्ठी. माझं बरं आहे. कूस दुखते, हसलं की जास्त, तेव्हा उत्तरात विनोद नकोत.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, काढलीत ती भरली किती? साधारण दीडशे ग्रॅम म्हणाल्या. गेले कित्येक महिने किलो किलो उतरवतो आहे आणि ते परत येताहेत. हे दीडशे ग्रॅम मात्र परत येणार नाहीत. सांभाळ.

गब्दू

दि. २४ मार्च

चि. गब्दूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. आज एकही अक्षर तोडत नाही.

पार्सल सुस्थितीत पोचलं. टेबलावर असतानाच कामाला लागलं म्हणे, म्हणजे आळस तुझ्याकडेच राहिलेला दिसतो. हसू नकोस, कूस धर.

सकाळी नर्सने काट्यावर उभं केलं. वजन वाढलेलं होतं. मी सवयीने मान खाली घातली. ती म्हणाली, वाढू द्या, आणि तिने माझ्या हातात पाण्याचा भरलेला पेला दिला. आणखी हवं तर मागा, म्हणाली. मी मागितलं. दुसरा पेला अर्ध्यावर आला आणि रडू फुटलं, म्हणून थांबावं लागलं.

ते कसं लागलं ते लिहिणार होते. तुझ्यासारखं नाही जमत. पाण्यासारखं लागलं रे, अगदी पाण्यासारखं.

आता माझ्या वाट्याचं मी पिते. तू तुझं पी.

तुझी,
ताई