नावापुढची खूण

माय, मी तुझ्याबद्दल एक खोटं सांगितलं आहे आणि ते आता छापून आलं आहे. कुणाशी गप्पा मारताना सांगितलं असतं तर एव्हाना गिळून टाकलं असतं. पण ते तीन देशांच्या विद्यापीठांनी मिळून काढलेल्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आहे, पान अकरावर, चांगलं चौकटीत. आणि येत्या गुरुवारी त्याच चौकटीचा आधार घेऊन नऊ बायांची नावं त्यांच्याच पुस्तकातून बाहेर ठेवली जाणार आहेत. म्हणून लिहायला बसले. तुला पत्र मी कधीच लिहिलं नव्हतं. तू विहारातल्या साक्षरता वर्गात वाचायला शिकलीस तेव्हा मी बुलढाण्याला वसतिगृहात होते, आणि दर शनिवारी एसटीनं घरीच यायचे, मग पत्र कशाला लिहायचं?

आधी माझं काम सांगते, कारण तू पहिल्यांदा तेच विचारलं असतंस, "पगार कोन देते तुले?" पगार सरकारच देतं, पण एक सरकार नाही. तिकडच्या दोन देशांतल्या लोकांनी भरलेल्या कराचा पैसा आणि थोडा आपल्याकडचा, असं मिळून हा अभ्यास चालतो. वरवट बकालच्या बाजूला विहिरीचं पाणी खारट, हे तुला सांगायला नको. गोड्या पाण्यापायी बाईच्या दिवसाचं काय होतं, हे बाहेरून येऊन कुणी मोजून नेण्यापेक्षा बायांनीच लिहावं, असं ठरलं. नऊ बायांनी वर्षभर वह्या लिहिल्या. सातजणींनी आपल्या हातानं, दोघींनी लेकीला सांगून. कधी उठलो, किती खेपा केल्या, कुणाशी भांडलो, पाण्यासाठी कुठला रोज बुडाला, पोरीची शाळा कोणत्या दिवशी चुकली. त्या वह्यांवरून आता पाठ्यपुस्तक होतं आहे, तिन्ही देशांतल्या कॉलेजांत शिकवायला. मी डॉक्टरेट केलेली बाई, पण त्या वह्यांपुढे पाणी भरते.

गेल्या महिन्यात पुस्तकाची कच्ची प्रत घेऊन मी त्यांच्याकडे गेले. अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जिच्या चष्म्याला काडीऐवजी दोरी आहे, तिनं पानं उलटली आणि विचारलं, "यात मी कोन्ती?" मी म्हटलं, "तुम्ही व-चार." वरवटमधला व आणि चौथी वही. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रेशन कार्डात माहं नाव हाय, मतदार यादीत हाय. इथंच काय इचू चावला नावाले?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तिच्या बाजूला बसलेली हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, माह्या पोरानं परीक्षेचा पेपर लिहला त त्याच्यावर त्याचंच नाव राह्यते. आमी वर्षभर लिहलं, मंग आमचं नाव काऊन नाही?" मी सांगितलं, नियम आहे. "कोनाचा नियम?" मी कच्ची प्रत पिशवीत घातली. घरी येताना ठरवलं की हे भांडण आपण भांडायचं.

पडद्यावरच्या बैठकीत मी तो विषय काढला. प्रकल्पाच्या प्रमुख बाई तिकडच्या आहेत, वयानं माझ्याहून मोठ्या, माणूस म्हणून चांगल्या. मला कळावं म्हणून सावकाश बोलतात, त्याचा मला अजूनही राग येतो. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नाव एकदा छापलं की परत घेता येत नाही. एका वहीत सासरच्या माणसांविषयी लिहिलं आहे, उद्या घरात काही झालं तर तिथं आपण कुणी असणार नाही. पैसा लोकांचा आहे, तेव्हा ज्यांच्याकडून शिकलो त्यांना इजा होऊ न देणं ही पहिली जबाबदारी. एवढं सांगून त्या हलकेच म्हणाल्या, "आणि हे तर आम्हाला तुम्हीच शिकवलंत. पान अकरा."

पान अकरावर तू आहेस. नवीन पोरापोरींना सर्वेक्षणाचं प्रशिक्षण देताना मी वर्षानुवर्षं तुझी गोष्ट सांगत आले. माझी आई शेतमजूर, तिच्याकडे परदेशातली एक अभ्यासक आली, आईनं सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, माझं नाव नको, काम कळलं म्हणजे झालं. बघा, नाव न देणं हा केवढा मान असतो. मी हे असं सांगायचे की ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. कुणीतरी ते उतरवून घेतलं आणि पुस्तिकेत घातलं. त्या बैठकीत मी माझा माइक बंद केला. निर्णय गुरुवारवर गेला.

खरं काय झालं होतं ते तुला माहीत नाही, हीच तर गंमत आहे. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती अभ्यासक बाई आपल्या गावात आली आहे, तीही अशाच कुठल्या सरकारी पैशावर. दुभाषी म्हणून मला बोलावलं आहे, कारण गावात इंग्रजी मलाच येतं. वासरात लंगडी गाय शहाणी. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, बेसन शिजतं आहे, आणि ती पाटावर गुडघे वर करून बसली आहे, धुरानं डोळे पुसते आहे. तू निंदणाच्या टोळीची म्होरकी. ती विचारते, टोळीत पोटुशी बाई असेल तर काय करता? आणि तू भाकरी उलटता उलटता सांगतेस, "तिले मधात घ्याची. इकून एक, तिकून एक, दोघीनं तिची अर्धी अर्धी पात ओढाची. मालक धुऱ्यावरून पाह्यते, त्याले लाईन सरळ दिसली पायजे, बस." पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला येणारी पिकाच्या ओळींची पट्टी आणि धुरा म्हणजे शेताचा बांध, हे मी तिला हातानं दाखवते. ती विचारते, ही रीत तुम्हाला कुणी शिकवली? तू म्हणतेस, "शिकवलं कोनं? मीच काढलं. माह्या पयल्या खेपेले कोनी ओढली नाही माही पात. लेकरू गेलं."

तुझं पहिलं मूल असं गेलं हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही दुसऱ्या बाईला सांगण्यापुरतं. मी गडबडले. मी इंग्रजीत काहीतरी मोठं बोलले, आमच्या स्त्रिया समानतेच्या तत्त्वावर श्रम वाटून घेतात, असलं. कॉलेजात नुकतेच शिकलेले शब्द होते. तुला इंग्रजी कळत नव्हतं, पण लांबी कळत होती. "मी दोन गोष्टी बोलली वं, तू चार काऊन बोलून राह्यली? अन् मीच काढलं, हे सांगतलं का तिले?" मी म्हटलं, हो सांगितलं. नव्हतं सांगितलं.

मग फॉर्म निघाला. त्यावर दोन चौकटी होत्या, नाव वापरावं आणि नाव वापरू नये. तिनं मला म्हटलं, आईला विचार. मी मान खाली घातली आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. तुला एवढंच म्हटलं, "इथं सही कर." तू हात पुसलेस, पेन जरा दाबून धरलास आणि नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण लिहिलीस, रेघ सोडून खाली न जाता. खाली तुझ्या हातचं नाव आणि वर माझी खूण, की हे नाव नको. त्या बाईला वाटलं, मी विचारलं. तुला वाटलं, कागद आहे, कुठं तरी लागत असेल.

का केलं, तेही सांगते. वसतिगृहात मी सांगून ठेवलं होतं की आई घरीच असते. पुस्तक कॉलेजात आलं आणि त्यात तुझ्या नावापुढे शेतमजूर असं छापलेलं असलं तर काय, एवढीच भीती. मी पहिल्यांदा वसतिगृहात जाताना तू मला पाणी प्यायला स्टीलचा गडवा दिला होतास. संग्रामपूरच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याला थांबवून त्यावर नाव घालून घेतलंस, माझं नाही, बाबांचं नाही, तुझं. मी तो वर्षभर नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवला. तेव्हा तुला काय हवं होतं हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पुढे पुण्यात एम.ए. करताना सरांनी वर्गात त्या अभ्यासक बाईचं पुस्तक वाचलं. "एका मध्यमवयीन मजूर स्त्रीनं सांगितल्याप्रमाणे" अशी सुरुवात, आणि मग मधली बाई, अर्धी अर्धी पात, सरळ रेघ. सर म्हणाले, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असावी. वर्गात चर्चा झाली, एकानं तर त्यावर निबंध लिहिला. तोवर मी "मले-तुले" सोडून पुण्यासारखं बोलायला शिकले होते. तू काढलेली गोष्ट त्यांनी पिढ्यांच्या नावावर टाकली आणि मी वहीत ते उतरवून घेतलं. तू त्यानंतर दोनच वर्षं होतीस. त्या दोन वर्षांत मी तुला हे सांगितलं नाही, आणि नंतर जी गोष्ट मी लोकांना सांगू लागले तिच्यात तूच नको म्हणालीस.

तर आता गुरुवारी मी हे सगळं सांगणार आहे. रडत नाही, आणि गोष्टीसारखं रंगवूनही नाही. ते मला फार चांगलं जमतं, म्हणूनच नको. पान अकरा खोटं आहे, खूण मी केली, आईला विचारलं नव्हतं, एवढंच. मला प्रकल्पातून काढलं तर काढतील. प्रशिक्षण देणाऱ्या बाईनंच सगळ्यांना खोटं शिकवलं म्हटल्यावर त्यांना तो हक्क आहे. पण मी गप्प बसले तर माझं खोटं त्या नऊजणींच्या नावांवर बसेल, आणि ते मी होऊ देणार नाही. पत्र इथं थांबवते.

मध्ये बारा दिवस गेले. सांगितलं, माय. संग्रामपूरच्या कार्यालयात वीज गेली होती म्हणून मोबाइलवरून बोलले, त्यामुळे त्यांचे चेहरे नखाएवढे दिसत होते, ते बरंच झालं. मग प्रमुख बाईंनी विचारलं, "म्हणजे हे पान नेमकं उलटं शिकवतं?" मी म्हटलं, हो. त्यांनी मला काढलं नाही; पुढची प्रशिक्षणं मात्र काही काळ दुसरं कुणी घेईल, आणि ते योग्यच आहे. आणि असं ठरलं की प्रत्येक बाईला पुन्हा विचारायचं, तिला एकटीला, तिच्या भाषेत, नाव छापल्यानं काय होऊ शकतं ते सांगून. घरातल्या दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही.

मी दारोदार फिरले. दोघी घरात एकट्या सापडेनात, त्यांच्यामागे कपाशीत जाऊन बसले. आठजणी हो म्हणाल्या. व-चार म्हणाली, "बापाचं नाव लावजो, नवऱ्याचं नोको. त्यानं काय लिहलं त्याच्यात?" सगळ्यात धाकटी नाही म्हणाली. "माह्या नावानं नोको, मॅडम. मामाजी वाचतीन." सासऱ्यांविषयी तिनंच लिहिलं आहे. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती पुस्तकात व-सात राहील, आणि ते तिनं ठरवलेलं असेल. बाकी आठ नावं मुखपृष्ठावर येणार, तीन देशांच्या विद्यापीठांच्या वर. प्रमुख बाई म्हणाल्या, खाली चालतील का. मी म्हटलं, नाही चालणार.

पान अकरा काल नव्यानं लिहून झालं. त्यात आता मी केलेली खूण आहे, तू केलेली सही आहे, आणि पातीची रीत तू स्वतः काढलीस हेही आहे. ते वाचून बाईंनी विचारलं, "इथं तुमच्या आईचं नाव घालायचं का?" मी म्हटलं, तिला विचारलं नव्हतं, आता विचारता येत नाही, आणि तिच्या वतीनं मी पुन्हा उत्तर देणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात खोट दिसली नाही, नियमानं ती नाहीच. पण हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, तेव्हा तुला सांगून टाकते. नाही म्हणताना मला हायसं वाटलं, माय, गडव्याची नावाची बाजू भिंतीकडे फिरवताना वाटायचं तसं. इतकं सगळं कबूल करून झाल्यावरही वाटलं.