उशीखालची नोटीस

घरमालक काकांना,

खोली सोडायची तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, असं करारात आहे. म्हणून लेखी कळवतेय.

माझी नर्सची ड्यूटी आठ ते पाच. परत येते तेव्हा माझा टॉवेल ओला असतो आणि कंगव्यात तुमचे डाय केलेले केस अडकलेले असतात. परवा तर उशीवर तेलाचा डाग होता. अभ्रा दोनदा उकळला तरी वास जाईना, शेवटी उशीच फेकून दिली. अजून शिसारी येते.

"दुसरी किल्ली अडीअडचणीला माझ्याकडे असू दे, तू मला मुलीसारखी," म्हणाला होतात. मी मान डोलावली, त्याची चीड वेगळीच.

काकू जिन्यात भेटल्या की विचारतात, "हे रोज दुपारी कुठे जातात गं?" मी काहीतरी पुटपुटून सटकते.

हे पत्र मी पाठवणार नाही. नव्या उशीखाली ठेवून ड्यूटीला निघालेय. ज्या दिवशी तुमच्या हाती लागेल, त्या दिवसापासून महिना धरा. खाली तारीख घालून सही करा आणि किल्ली काकूंकडे द्या. कुठली म्हणून विचारतीलच त्या.

मुलीसारखी नसलेली,
तुमची भाडेकरू